त्रेपन्न नंबरची बाटली

मुंबईत काही नावे आपल्या तोंडात इतकी बसलेली असतात की त्या नावाचा हाडामांसाचा एक माणूस होऊन गेला, हे ध्यानातच येत नाही. परळचे हाफकिन हे असेच एक नाव. साप चावल्यावर द्यायचे औषध तिथे बनते, पोलिओचे डोस तिथून येतात, एवढे आपल्याला ठाऊक असते. त्या जुन्या दगडी वास्तूवरून आपण बसने शेकडो वेळा जातो. पण हाफकिन कोण, असे कुणी विचारले तर दहातले नऊ जण कुणी इंग्रज साहेब असेल, असे सांगतील.

ते इंग्रज नव्हते. परळला ते पोचले तेही फार लांबच्या आणि खडतर वाटेने. त्यांच्या आयुष्यात दोन गोष्टी अशा घडल्या की आज सव्वाशे वर्षांनंतरही आपल्यासारख्या साध्या वृत्तपत्रवाचकाने त्या समजून घ्याव्यात. पहिली गोष्ट अशी, की एखाद्या प्रयोगाच्या निष्कर्षावर विश्वास कधी ठेवावा, याचे उदाहरण त्यांनी भायखळ्याच्या तुरुंगात आणि बडोद्याजवळच्या एका खेड्यात घालून दिले. दुसरी गोष्ट अशी, की एका चौकशी समितीच्या निष्कर्षाने त्यांचे स्वतःचे आयुष्य उद्ध्वस्त झाले. तो निष्कर्ष टिकणारा नाही, हे दाखवायला कुणाला नवे संशोधन करावे लागले नाही. झालेल्या चौकशीची कागदपत्रे नीट वाचावी लागली, एवढेच.

आणि नीट वाचणे हेच तर आपण करीत नाही. रोज सकाळी चहाबरोबर एखादे नवे संशोधन आपल्या पुढ्यात येते. सोमवारी तूप वाईट असते, गुरुवारी तेच तूप चांगले ठरते. रोज अमुक इतकी पावले चाला, असे एक संशोधन सांगते. इतकी गरज नाही, असे दुसरे सांगते. घरातला तरुण मुलगा त्यातले एक वाक्य आईला वाचून दाखवतो आणि आई डब्यातून शेंगदाण्याचा लाडू काढून टाकते. मग आपण दोनपैकी एक टोक गाठतो. संशोधन म्हटले की डोळे मिटून मान डोलावतो, नाहीतर सगळे संशोधक पोटभरू असे म्हणून मोकळे होतो. दोन्हींत कष्ट नाहीत. मधल्या कष्टाच्या रस्त्याने जाणारा माणूस कसा असतो, हे पाहायचे तर हाफकिन यांच्याकडे पाहावे.

वाल्देमार मोर्देकाय हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात झाला. ओडेसा तेव्हा झारच्या रशियात होते, आज ते युक्रेनमध्ये आहे. तिथल्या विद्यापीठात त्यांना इल्या मेचनिकॉफ यांच्यासारखा गुरू लाभला. शरीरातल्या पांढऱ्या पेशी जंतूंना गिळतात हे दाखवून देणारे आणि पुढे १९०८ साली नोबेल मिळवणारे ते हेच मेचनिकॉफ. हाफकिन यांचे तरुणपण मात्र प्रयोगशाळेच्या चार भिंतींत मावणारे नव्हते. झारशाहीविरुद्धच्या क्रांतिकारक चळवळीत ते ओढले गेले, त्यांना अटक झाली. १८८१ साली ज्यू वस्त्यांवर जमाव चालून आले, तेव्हा एका घराचे रक्षण करताना ते जखमी झाले. पुढे धर्म बदलला असता तर विद्यापीठात बस्तान बसले असते. तो रस्ता त्यांनी नाकारला. १८८८ साली त्यांनी देश सोडला. आधी जिनिव्हा आणि वर्षभराने पॅरिस. पॅरिसला लुई पाश्चर यांच्या संस्थेत गुरुजी आधीच पोचले होते. शिष्याला जागा मिळाली ती ग्रंथालयातल्या सहायकाची. दिवसा पुस्तके आणि उरलेल्या वेळात सूक्ष्मदर्शक, असा त्यांचा क्रम सुरू झाला.

त्या क्रमातून पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची लस निघाली. १८ जुलै १८९२ रोजी हाफकिन यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. ताप आला, दुखले, पण ते सुखरूप राहिले. अशा प्रसंगावर नाटकाचा पडदा पाडायचा मोह कुणालाही होईल. शास्त्रज्ञाने स्वतःचे प्राण पणाला लावले, लस सिद्ध झाली, टाळ्या! पण सिद्ध काय झाले होते? या माणसाला ही लस टोचली आणि तो मेला नाही, एवढेच. या लशीने कॉलरा टळतो का, याचे उत्तर त्यात कुठेच नव्हते. धैर्य आणि पुरावा या वेगवेगळ्या गोष्टी आहेत, हे हाफकिन यांना पक्के कळत होते. म्हणूनच ज्या देशात कॉलरा दरवर्षी घराघरांतून माणसे उचलून नेत होता, तिथे जायचे त्यांनी ठरवले. पॅरिसमधले ब्रिटिश राजदूत लॉर्ड डफरिन हे पूर्वी हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते. त्यांच्या मदतीने परवानगी मिळाली आणि मार्च १८९३ मध्ये हाफकिन कलकत्त्याला उतरले.

पुढच्या दोन-अडीच वर्षांत आग्र्यापासून आसामच्या चहामळ्यांपर्यंत ते फिरले. चाळीस हजारांहून अधिक लोकांना त्यांच्या मोहिमेत लस टोचली गेली. आता या चाळीस हजारांत कॉलऱ्याने थोडेच मेले असे म्हटले, की निष्कर्ष झाला का? आपल्यातला कुणीही हो म्हणेल. हाफकिन म्हणाले नाहीत. लस घ्यायला पुढे येणारा माणूस बहुधा थोडा शिकलेला, थोडा सांभाळून राहणारा, कदाचित उकळलेले पाणी पिणारा असतो. तो वाचला तर लशीमुळे वाचला की पाण्यामुळे, हे कसे कळणार? तेव्हा एकाच ठिकाणी राहणारे, एकच पाणी पिणारे, एकच अन्न खाणारे लोक घ्यावेत, त्यांतल्या काहींना लस द्यावी, काहींना देऊ नये आणि मग दोघांची तुलना करावी, असा आग्रह त्यांनी धरला. १८९४ साली कलकत्त्याच्या काठालबागान या गरीब बस्तीत अशी संधी आली. साधारण दोनशे वस्तीपैकी ११६ जणांनी लस घेतली. नंतर तिथे दहा जण आजारी पडले, त्यांतले सात दगावले. दहाही जण लस न घेतलेले होते. वस्ती तीच, तळे तेच. या लहानशा आकड्याने कलकत्त्याच्या आरोग्य खात्याला जे पटवले, ते चाळीस हजारांच्या मोठ्या आकड्याला पटवता आले नसते.

मी आयुष्याची तीस-बत्तीस वर्षे बँकेत काढली. तिथे थकबाकीचे प्रमाण नावाचा एक आकडा असतो. एखाद्या शाखेची थकबाकी बारा टक्क्यांवरून आठावर आली की वरिष्ठ खूश होतात. पण कधी कधी वसुली एका रुपयाचीही वाढलेली नसते. वर्षभरात भरमसाट नवी कर्जे वाटलेली असतात आणि त्यांचे हप्ते अजून सुरूच झालेले नसतात. भागिले खालचा आकडा फुगला की वरची टक्केवारी आपोआप घसरते. जुने तपासनीस म्हणूनच टक्केवारी बाजूला सारून आधी विचारीत, किती पैकी? संशोधनाला विचारायचा पहिला प्रश्नही हाच. दुसरा प्रश्न, कुणाच्या तुलनेत? ज्या निष्कर्षाला ही दोन उत्तरे देता येत नाहीत, तो निष्कर्ष नव्हेच. ती फार तर जाहिरात.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांना तापाबरोबर गाठी आलेले रोगी दिसले. प्लेग आला होता. ऑक्टोबरमध्ये सरकारने हाफकिन यांना मुंबईला पाठवले. ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली आणि तिच्यापुढची पडवी, एवढी त्यांची प्रयोगशाळा. मदतनीस थोडे, त्यांतले काही कामाच्या ताणाने गळाले. शहर ओस पडत चालले होते, गिरण्यांचे कामगार गावाकडे पळत होते. अशा दिवसांत तीन महिन्यांत त्यांनी प्लेगची लस बनवली. हिंदूंना आणि मुसलमानांना दोघांनाही चालावे म्हणून जंतू वाढवायला गाईचे वा डुकराचे मांस न घेता बोकडाच्या मांसाचा रस्सा घेतला. रश्शावर तुपाचे थेंब सोडले की जंतू त्याला धरून लोंबत लोंबत खाली वाढतात, हे त्यांनी हेरले होते. वाढलेले जंतू उष्णतेने मारायचे, की लस तयार. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती पुन्हा आधी स्वतःलाच टोचून घेतली. नेहमीच्या मात्रेपेक्षा कितीतरी अधिक.

त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. ३० जानेवारीला कैद्यांना विचारण्यात आले आणि जे पुढे आले त्यांना लस टोचली. एरवी शहरात कोण कुठे पळाले, कोण कुठे मेले याचा पत्ता नव्हता. तुरुंगात मात्र रोज हजेरी होती. जेवण एक, बराकी त्याच. टोचलेले दीडशेच्या घरात होते, न टोचलेले पावणेदोनशेच्या घरात. साथ संपेपर्यंत न टोचलेल्यांत बारा जणांना प्लेग झाला, सहा मेले. टोचलेल्यांत दोघांना झाला, मेले कुणी नाही.

पण थांबा. टोचलेल्यांपैकी आणखी तिघे होते. लस घेतली त्याच दिवशी त्यांना गाठी दिसल्या आणि ते दगावले. त्यांना कुठल्या रकान्यात घालायचे? रोग अंगात आधीच शिरला होता, लस एका दिवसात काम करू शकत नाही, म्हणून त्यांना वगळणे रास्त आहे, असे म्हणता येते. आपल्या औषधाला अडचणीची ठरणारी नावे नंतर गाळली, असा संशयही घेता येतो. हाफकिन यांनी ते तिघे लपवले नाहीत. त्यांची नोंद वेगळी ठेवली आणि वाचणाऱ्यापुढे मांडली. प्रामाणिक संशोधनाची ही एक खूण आहे. स्वतःच्या निष्कर्षाविरुद्ध जाणारा आकडाही ते तुमच्या हाती देते. शिवाय इथे आणखी एक कच्चा दुवा होता. पुढे आलेले कैदी आपण होऊन आले होते. ते बाकीच्यांहून धट्टेकट्टे नसतील कशावरून? आणि बारा विरुद्ध दोन हे आकडेही लहान. दोन-तीन माणसे इकडची तिकडे झाली तर चित्र बदलते. भायखळ्याने आशा दाखवली. खात्री अजून व्हायची होती.

खात्रीसाठी वर्षभराने ते बडोदे संस्थानातल्या उंढेरा नावाच्या गावी गेले. फेब्रुवारी १८९८. गावात प्लेग होता. इथे कुणी पुढे यायची वाट पाहिली नाही. एकेक कुटुंब समोर बोलावले आणि प्रत्येक कुटुंबातले साधारण निम्मे लोक टोचले. पुरुष, बायका, मुले, सशक्त, अशक्त दोन्हीकडे सारखे येतील असे पाहिले. गावातल्या पाचशेवर लोकांना लस मिळाली. काही आठवड्यांनी परत जाऊन पाहिले, तेव्हा अठ्ठावीस घरांत प्लेग शिरलेला होता. त्या घरांतल्या टोचलेल्या ७१ जणांपैकी आठ आजारी पडले होते आणि तीन मेले होते. न टोचलेल्या ६४ जणांपैकी २७ आजारी पडले आणि २६ मेले.

शेकडा चार आणि शेकडा चाळीस. त्याच छपराखाली, त्याच चुलीवरची भाकरी खाणाऱ्या माणसांत. याहून स्वच्छ तुलना त्या काळात क्वचितच कुणी केली असेल. कोविडच्या साथीत, नोव्हेंबर २०२० मध्ये एका लशीची परिणामकारकता ९५ टक्के असल्याचे जाहीर झाले, तेव्हा लस घेतलेल्या शंभरातल्या पाचांना रोग होतो, असा अर्थ अनेकांनी लावला. प्रत्यक्षात तिथेही उंढेऱ्याचाच हिशेब होता. हजारो लोकांचे दोन सारखे गट, एकाला लस आणि दुसऱ्याला नुसते पाण्यासारखे इंजेक्शन. एकूण १७० जणांना रोग झाला, त्यांतले १६२ दुसऱ्या गटातले आणि आठ लस घेतलेल्यांतले. ९५ टक्के हा आकडा त्या तुलनेचा होता.

हाताशी कागद-पेन्सिल असली तर हा हिशेब कुणालाही जमेल. पण उंढेऱ्याच्या त्या कोष्टकापाशी माझ्यातला कादंबरीकार अडखळतो. न टोचलेले २६ म्हणजे कोण? एका घरात आई टोचलेली आणि मुलगा न टोचलेला, दुसऱ्या घरात उलट. अमक्याला सुई लावायची आणि तमक्याला नाही, हे त्या दिवशी कुणीतरी ओट्यावर उभे राहून ठरवले. आज असा प्रयोग करायचा तर प्रत्येकाला सगळे समजावून सांगून त्याची संमती घ्यावी लागते, नीतिविषयक समितीची मंजुरी लागते. तेव्हा हे काही नव्हते, आणि तुरुंगातल्या कैद्याची संमती कितपत मोकळी असेल, हाही प्रश्न आहेच. संशोधनाचे निष्कर्ष तपासायचे ते त्यांची खोड काढण्यासाठी नव्हे. त्यांतल्या प्रत्येक आकड्याची किंमत कुणीतरी मोजलेली असते. म्हणून तो आकडा कसाही वापरला जाणे हा त्या माणसांचा अपमान आहे.

ते दिवस मोठे तापलेले होते. १८९७ च्या मार्चमध्ये पुण्यात रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले प्लेगने गेल्या. जूनमध्ये प्लेग अधिकारी रँड याच्यावर चापेकरांनी गोळी झाडली. सरकारी माणसे घरात शिरून तपासणी करीत, त्याचा लोकांना संताप होता. सुईविषयी नाना अफवा होत्या. हाफकिन यांची लस मात्र सक्तीची नव्हती. खोजा समाजाचे धर्मगुरू आगाखान यांनी स्वतः लोकांसमोर ती टोचून घेतली, हजारो अनुयायांना घ्यायला लावली आणि प्रयोगशाळेसाठी आपली खुश्रू लॉज ही वास्तू दिली. ऑगस्ट १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये गेली. तीच आजची जागा. दरम्यान सरकारने नेमलेल्या प्लेग कमिशनने हाफकिन यांची आकडेवारी कसून तपासली. काही ठिकाणच्या नोंदींत दोष काढले, लशीच्या मात्रेत सारखेपणा नाही असे सांगितले. तरीही लशीने रोग आणि मृत्यू दोन्ही कमी होतात, हे मान्य केले. दोष दाखवूनही जे उरते ते स्वीकारायचे, ही खरी परीक्षा. हाफकिन यांना ती टोचली असेल. पण ती न्यायाची होती.

यानंतरची परीक्षा न्यायाची नव्हती.

१९०२ साली पंजाबात मोठी मोहीम निघाली. लशीची मागणी एवढी वाढली की परळच्या प्रयोगशाळेने ती बनवण्याची झटपट रीत काढली. आधी लशीत थोडे कार्बोलिक आम्ल घालीत. नव्या रीतीत ते वगळले, कारण उष्णतेने काम भागत होते आणि पॅरिसच्या पाश्चर संस्थेतही तसेच करीत. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी मुल्कोवाल या खेड्यात १०७ जणांना लस टोचली गेली. आठवडाभराने त्यांतल्या एकोणीस जणांना धनुर्वात झाला आणि एकोणीसच्या एकोणीस मेले. सगळ्यांना लस एकाच बाटलीतून दिली गेली होती. बाटलीवर क्रमांक होता ५३. दुसऱ्या बाटल्यांतून ज्यांना लस मिळाली ते ८८ जण ठणठणीत होते.

चौकशी समिती बसली. अध्यक्ष मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स, सोबत दोन लष्करी डॉक्टर. समितीने ठरवले की बाटलीत धनुर्वाताचे जंतू ती उघडण्यापूर्वीच, म्हणजे परळलाच शिरले होते, आणि कार्बोलिक आम्ल वगळणे ही गंभीर चूक होती. हाफकिन यांना संचालकपदावरून दूर केले गेले; बिनपगारी रजेवर १९०४ साली त्यांनी हिंदुस्थान सोडला. वय चव्वेचाळीस. ज्या माणसाच्या लशीने हजारो वाचले, त्याच्या नावावर एकोणीस मृत्यू लिहिले गेले.

आता त्याच चौकशीत आणखी काय नोंदले गेले होते, ते पाहा. मुल्कोवालला बाटली उघडताना कंपाउंडरच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो त्याने जंतुनाशकाच्या पाण्यात नुसता हलवला आणि त्याच चिमट्याने बुच काढले. धनुर्वाताचे जंतू राहतात कुठे? मातीत, शेणात, रस्त्याच्या धुळीत. दुसरी नोंद. टोचण्यापूर्वी डॉक्टरने बाटलीचा वास घेऊन पाहिला होता, त्याला कसलाही वास आला नाही. धनुर्वाताचे जंतू बंद बाटलीत कित्येक दिवस वाढले असते तर तिला घाण मारायला हवी होती. ही दोन्ही वाक्ये कागदावर होती. पण नवी रीत आधी आली आणि अपघात नंतर झाला. तेव्हा नव्या रीतीमुळेच अपघात झाला, असा सोपा हिशेब मांडला गेला. नवी सून घरात आली आणि सासऱ्यांचा पाय मोडला, म्हणजे सुनेचा पायगुण वाईट, असे आपल्याकडे म्हणत. त्यातलाच हा प्रकार, फक्त न्यायाधीशांच्या सहीचा. हाफकिन परके होते, ज्यू होते, आणि डॉक्टरकीची पदवी नसताना डॉक्टरांवर साहेबी करीत होते. याचा त्यात वाटा किती, हे मोजायला साधन नाही. पण वाटा असणार, असे तेव्हाही अनेकांना वाटत होते.

चौकशीची कागदपत्रे लंडनच्या लिस्टर संस्थेपुढे गेली आणि पुढे प्रसिद्धही झाली. बाटली मुल्कोवालला उघडतानाच दूषित झाल्याचा संभव अधिक, असे लिस्टर संस्थेचे मत पडले. मग एक माणूस पेटून उठला. रोनाल्ड रॉस. अल्मोड्यात जन्मलेले, डासांतून मलेरिया पसरतो हे सिकंदराबादेत शोधून काढणारे, १९०२ चे नोबेलविजेते. त्यांनी कागदपत्रांतला एकेक मुद्दा घेऊन दाखवले, की समितीचा निष्कर्ष समितीच्याच पुराव्यातून निघत नाही. जुलै १९०७ मध्ये लंडनच्या टाइम्समध्ये दहा नामवंत जंतुशास्त्रज्ञांच्या सह्यांचे पत्र आले. त्यांत एक सही प्रा. सिम्प्सन यांची होती; काठालबागानच्या वेळी कलकत्त्याचे आरोग्याधिकारी तेच होते. त्याच वर्षाच्या अखेरीस सरकारने हाफकिन यांच्यावरचा ठपका दूर करून त्यांना परत बोलावले.

कर्जाच्या प्रस्तावावर वर शिफारस असते आणि खाली कागदपत्रांची चळत. घाईच्या माणसाला शिफारस पुरते. पण वरच्या पानावर ठाम शब्दांत लिहिलेले खालच्या कागदांत असतेच असे नाही. कधी तर नेमके उलटे असते. समिती मोठ्या माणसांची आहे, सही न्यायाधीशाची आहे, हे पुराव्याऐवजी चालत नाही. रॉस यांचे मोठेपण असे की त्यांनी चळत उलगडली.

हाफकिन परत आले, पण मुंबईला नाही. त्यांना कलकत्त्याची प्रयोगशाळा दिली गेली. तिथे ना मोठी लस बनवायची सोय, ना लोकांवर प्रयोग करायची मोकळीक. निर्दोष ठरलेला माणूसही पुष्कळदा पूर्वीचा राहत नाही. १९१४ साली ते निवृत्त झाले. गंमत म्हणजे पुढच्याच वर्षी इंग्लंडमधल्या ग्रीनवुड आणि यूल या दोन संख्याशास्त्रज्ञांनी विषमज्वर आणि कॉलरा यांच्या लशींची आकडेवारी नव्याने चाळली आणि असे आकडे केव्हा ग्राह्य धरावेत याच्या अटी घातल्या. दोन्ही गट सर्व महत्त्वाच्या बाबतींत सारखे हवेत. दोघांना रोगाचा धोका सारखा हवा. लस कुणी घेतली आणि रोग कुणाला झाला, या दोन नोंदी एकमेकींना न बघता झालेल्या हव्यात. उंढेऱ्याच्या ओट्यावर हाफकिन यांनी ज्याची सुरुवात केली, त्याला नियमांचे रूप येऊ लागले होते.

आज वैद्यकशास्त्र हाफकिन यांच्या दोन्ही लशींच्या पुढे गेले आहे. कॉलऱ्याचे जुने इंजेक्शन मागे पडले, आता तोंडाने घ्यायची लस असते. प्लेगला प्रतिजैविके आहेत. त्याची लस सर्वसामान्यांना द्यावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगत नाही. जुन्या लशींचा परिणाम अपुरा होता आणि थोडेच दिवस टिकणारा होता, हे नंतरच्या अभ्यासांनी दाखवले. म्हणजे हाफकिन चुकले का? मुळीच नाही. मुदत ठेवीसारखी निष्कर्षालाही मुदत असते. ती संपली की नव्या पुराव्याने नूतनीकरण करावे लागते, नाहीतर ठेव मोडावी लागते. संशोधक मत बदलतात म्हणून त्यांना हसणारा माणूस हेच विसरतो.

निवृत्तीनंतर हाफकिन फ्रान्समध्ये आणि १९२८ पासून स्वित्झर्लंडमधल्या लोझानला राहिले. लग्न केले नव्हते. ज्या धर्मासाठी तरुणपणी नोकरी सोडली, त्याच्या आचारात ते अधिकाधिक रमले आणि पूर्व युरोपातल्या ज्यू पाठशाळांसाठी त्यांनी आपली बचत न्यासाला दिली. १९२५ साली परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव दिले गेले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी लोझानला ते वारले.

मुल्कोवालच्या एकोणीस जणांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. उंढेऱ्याच्या एकोणतिसांचीही नाहीत. चुकीच्या निष्कर्षाने त्या एकोणिसांना न्याय मिळाला नाही. उलट पुढच्या गावातला मळका चिमटा मोकळा सुटण्याची सोय झाली. म्हणून उद्या सकाळी चहाबरोबर एखादे नवे संशोधन पुढ्यात आले, तर लाडू लगेच टाकून देऊ नये आणि पेपरही लगेच भिरकावू नये. किती पैकी, कुणाच्या तुलनेत, कुणाला वगळले, आणि वर जे लिहिले आहे ते खालच्या कागदांत आहे का, एवढे विचारावे. उत्तरे मिळाली तर चहा निवायच्या आत मिळतात. नाही मिळाली, तर तेही एक उत्तरच असते.